बहात्तर पायऱ्या

परवा पुण्याहून मावशीचा फोन आला. तिच्या शेजारच्या काकूंचा फुफ्फुसाचा कॅन्सर चार वर्षांनी परत आलाय. मला वाटलं, ती डॉक्टरचं नाव विचारेल, खर्च विचारेल. तिने विचारलं ते वेगळंच. "तुम्ही अण्णांना सांगितलं होतंत का गं? की लपवलं होतंत?"

फोनवर मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. मग रात्रभर तोच प्रश्न डोक्यात. कारण खरं उत्तर असं आहे की पहिल्यांदा लपवलं आणि दुसऱ्यांदा लपवता आलं नाही. आणि दोन्हींमधला फरक मला अजून पुरता पचलेला नाही. म्हणून लिहायला बसलेय. घरातल्या मंडळींना यातलं बरंचसं ठाऊक आहे, त्यांनी नमनाचं तेल सोडून पुढे जावं.

आमचे अण्णा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाले. इंदिरानगरमधलं हे तिसऱ्या मजल्यावरचं घर त्यांनी कर्ज काढून घेतलं, तेव्हा आजूबाजूला मोकळे प्लॉट होते आणि हवा बरी होती. बिल्डिंगला लिफ्ट नाही. एका मजल्याला अठरा पायऱ्या, म्हणजे घरापर्यंत चौपन्न आणि गच्चीपर्यंत बहात्तर. हा हिशोब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अण्णा पंचवीस वर्षं सिगारेट ओढत होते. माझ्या जन्मानंतर आईने शपथ घातली तरी सुटली नाही. दादाच्या मुंजीत काहीतरी लागट बोलणं झालं आणि त्या दिवसापासून एकदम बंद. त्याला सतरा-अठरा वर्षं उलटून गेल्यावर, २०१७ च्या उन्हाळ्यात खोकला सुरू झाला. एक्स-रेमध्ये डाव्या फुफ्फुसात खाली डाग. इथल्या एका डॉक्टरांनी तो टीबीचा समजून गोळ्या सुरू केल्या. तीन महिने गेले. पुढे कळलं की हे आपल्याकडे वारंवार घडतं. टीबी इतका आहे की छातीतला प्रत्येक डाग आधी टीबीच वाटतो. तेव्हा राग आला होता, आता डॉक्टरांपेक्षा स्वतःचाच येतो. बेडक्यात टीबीचे जंतू सापडले नव्हते, आणि तरी "मग दुसरं काय असेल?" हा प्रश्न आमच्यापैकी कुणीच विचारला नाही.

शेवटी सुईने तुकडा काढून तपासला आणि तो शब्द कागदावर आला. कागद माझ्या हातात होता. दादा म्हणाला, "अण्णांना नको सांगायला. हाय खातील." मी मान डोलावली. आईने तर देवासमोर बसून आमच्याकडून कबूल करून घेतलं. ठरलं, की साधी गाठ आहे, काढून टाकायची आहे, एवढंच सांगायचं.

आणि मग साधी गाठ काढायला आम्ही त्यांना कुठे घेऊन गेलो? परळला, टाटा हॉस्पिटलमध्ये! आता हसू येतं. सर दोराबजी टाटा ट्रस्टने १९४१ साली उभारलेलं ते हॉस्पिटल. महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्यात "टाटाला नेलंय" एवढं म्हटलं की पुढचं वाक्य बोलावं लागत नाही. पहाटेच्या अंधारात घरातून निघून पंचवटी एक्स्प्रेसने दादर, तिथून टॅक्सी. मुक्कामाला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. तिथे शेजारच्या कॉटवर बुलढाण्याचे, समोर बिहारचे, सगळे एकाच कारणासाठी आलेले. आणि अण्णा त्या सगळ्यांशी गप्पा मारत, "आपली साधी गाठ आहे हो" असं हसून सांगत.

सप्टेंबर २०१७ मध्ये ऑपरेशन झालं. उजव्या फुफ्फुसाचे तीन भाग असतात आणि डाव्याचे दोन, हे मला तेव्हा कळलं. डाव्या बाजूला हृदयाला जागा द्यायची असते ना! अण्णांच्या डाव्या फुफ्फुसाचा खालचा भाग काढला. वरचा राहिला. महिन्याभरात अण्णा चौपन्न पायऱ्या चढू लागले आणि तीन महिन्यांत संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवर चक्कर. कॉलनीतल्या भजनी मंडळात त्यांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा लागू लागला. अण्णांचा आवाज हे आमच्या घराचं वैभव. माईक नसला तरी शेवटच्या रांगेत ऐकू जायचा.

पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी स्कॅन. बहुतेक वेळा आजार परतायचा असेल तर याच दोन वर्षांत परततो, म्हणून. दोन्ही वर्षं कोरी गेली. मी मनातल्या मनात पाच वर्षांचं कॅलेंडर लावलं होतं. पाच झाली की सुटलो, असं सगळेच म्हणतात.

मग कोविड आला. २०२१ च्या उन्हाळ्यातला स्कॅन राहून गेला. दुसऱ्या लाटेत बाहेर पडायची कुणाची छाती होती? नाशिकमध्येच २१ एप्रिल २०२१ ला ऑक्सिजनच्या टाकीतून गळती होऊन २२ रुग्ण दगावले होते. एक फुफ्फुस अर्धं असलेल्या माणसाला आम्ही दाराबाहेर काढत नव्हतो. बातम्या लागल्या की आई टीव्ही बंद करायची. "बघू पुढे," असं म्हणत वर्ष संपलं.

जानेवारी २०२२ मध्ये स्कॅन झाला तेव्हा उरलेल्या डाव्या भागात, अगदी मुळाशी, दोन-सव्वादोन सेंटीमीटरची गाठ होती.

तो लिफाफा आणायला मी गेले होते. मुंबईनाक्याजवळ रिक्षात बसून उघडला, वाचला आणि पुन्हा चिकटवला. दादाला फोन केला. तो पुन्हा तेच म्हणाला, "आत्ता काही बोलू नकोस. मी रविवारी येतो, मग ठरवू." घरी आले, लिफाफा कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आणि अण्णांना सांगितलं, रिपोर्ट उशिरा मिळणार आहे.

तीन दिवस मी असं वागले. चौथ्या दिवशी सकाळी अण्णा चहा घेऊन माझ्या समोर बसले. (मी त्या आठवड्यात माहेरीच होते, पाथर्डी फाट्यावरून रोज येण्यापेक्षा बरं म्हणून.) म्हणाले, "साड्यांच्या खाली ठेवलेलं तुझ्या आईला दिवाळीला सापडतं, मला चार दिवसांत सापडलं. वाचलंय मी."

मी रडायला लागले. ते थांबले. मग जे बोलले ते मी आयुष्यभर विसरणार नाही. "अगं, गेल्या वेळीही माहीत होतं मला. टाटाच्या दारात उभं करून तुम्ही म्हणत होतात साधी गाठ. मी प्रेसमध्ये नोटा तपासायचो. खरं-खोटं मला कळत नाही असं वाटलं तुम्हाला?"

"मग बोलला का नाही तुम्ही?"

"तुम्हाला बरं वाटत होतं ना लपवून! म्हटलं, असू दे. पण रात्री एकटाच जागा असायचो. कुणाशी बोलणार? धर्मशाळेतल्या त्या बुलढाण्याच्या माणसाशी बोललो एकदा. त्याला सगळं सांगितलं. घरच्यांना सोडून."

म्हणजे आम्ही त्यांना भीतीपासून वाचवत होतो असं समजत होतो. प्रत्यक्षात भीती होतीच, आम्ही फक्त त्यांना तिच्यासोबत एकटं सोडलं होतं. आणि ते आम्हाला वाचवत होते!

असो. दुसऱ्या वेळी मग सगळे चौघे गेलो आणि डॉक्टरांसमोर अण्णा स्वतः बसले. आता थोडं वैद्यकीय सांगते, कारण मावशीच्या शेजारणीला ते लागेल. मी डॉक्टर नाही, जे आमच्या समोर घडलं आणि जे नंतर वाचून समजून घेतलं तेवढंच.

परत आलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरवर ऑपरेशन थोड्याच लोकांचं होऊ शकतं. कारण तो परततो तेव्हा बहुतेकदा छातीत एकाच जागी थांबत नाही. हाडं, मेंदू, यकृत, कुठेही गेलेला असतो, आणि मग एक गाठ कापून उपयोग नसतो. म्हणून आधी शोध. पेट स्कॅन झाला, मेंदूचा एमआरआय झाला, श्वासनलिकेतून दुर्बीण घालून छातीच्या मधल्या गाठींचे नमुने घेतले. सगळीकडे कोरं. गाठ एकटीच होती. ती जुन्याचीच उरलेली मुळी की नवीनच उगवलेला दुसरा कॅन्सर, हे कधीकधी डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येत नाही. पेशींची जनुकीय तपासणीही केली. काही जणांत विशिष्ट बदल सापडतो आणि मग रोजच्या गोळीवर आजार बरीच वर्षं रोखता येतो. विशेषतः कधीच सिगारेट न ओढलेल्या लोकांत तो जास्त सापडतो. अण्णांमध्ये नव्हता.

लहान गाठ कडेला असती तर नेमक्या जागी मोजून रेडिएशन देऊन भागलं असतं. ही मुळाशी, मोठ्या रक्तवाहिन्यांना आणि श्वासनलिकेला लागून. तिथे तेवढं रेडिएशन धोक्याचं. डॉक्टर म्हणाले, "छोटा तुकडा काढून जमलं तर बघू. पण आत गेल्यावर बहुधा उरलेलं सगळं डावं फुफ्फुस काढावं लागेल." आणि पुढे, अण्णांकडे बघत, "एकदा उघडलेली छाती दुसऱ्यांदा उघडणं सोपं नसतं. सगळं चिकटलेलं असतं. शंभरातले पाच ते दहा जण यातून घरी परतत नाहीत. तुमची डावी बाजू आहे हे त्यातल्या त्यात बरं. उजवी असती तर धोका आणखी."

आई नंतर म्हणाली, "ओले पापड एकावर एक ठेवले की कसे सुटत नाहीत, तसं असेल ते." मला त्या क्षणी तिचा हेवा वाटला. मला तर फक्त तो पाच ते दहाचा आकडा ऐकू येत होता.

अण्णांनी एकच प्रश्न विचारला. "मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. चढता येईल का?"

डॉक्टर हसले. म्हणाले, जुन्या काळी सर्जन नेमका हाच प्रश्न पेशंटला विचारायचे. तीन मजले न थांबता चढलास तर फुफ्फुसाचा एक भाग काढता येईल, पाच चढलास तर पूर्ण फुफ्फुस. आता यंत्रं आहेत, फुंकर मारून लिटरमध्ये मोजतात, रक्तात प्राणवायू किती उतरतो ते पाहतात, कुठला भाग किती काम करतो त्याचा स्कॅन असतो. पण जिना अजूनही खोटं बोलत नाही. त्या स्कॅनमध्ये कळलं की अण्णांच्या श्वासाच्या एकूण कामातला जेमतेम पाचवा हिस्सा तो उरलेला डावा तुकडा करत होता. बाकी सगळं उजवं फुफ्फुस ओढत होतं. म्हणजे गेला तर जाणारं फार नव्हतं.

निर्णयाला दोन आठवडे होते. दादा म्हणत होता, ऑपरेशन नको, औषधांवर जेवढं चालेल तेवढं चालू दे. मी म्हणत होते, करूया. आई काहीच म्हणत नव्हती. आमची रोज फोनवर भांडणं. आणि अण्णा? अण्णा जिना चढत होते.

सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. खालून गच्चीपर्यंत, बहात्तर पायऱ्या. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "चार मजले होतात. पाचवा कुठून आणू?" मग त्यांनीच युक्ती काढली. गच्चीला हात लावून एक मजला उतरायचं आणि पुन्हा चढायचं. पहिल्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकू दार उघडं ठेवून बसायच्या, दुसऱ्या मजल्यावरची पोरं मोबाईलवर वेळ लावायची. "आजोबा, काल अर्धा मिनिट कमी होता!" सगळ्या बिल्डिंगला ठाऊक झालं की अण्णांना काय झालंय आणि ते काय करतायत. गेल्या वेळी जे शब्द आम्ही साड्यांखाली ठेवले होते, ते आता जिन्यात मोकळे फिरत होते. आणि कुणालाच काही झालं नाही. उलट घरात आठवडाभर दोन्ही वेळची भाजी बाहेरून येत होती.

तेराव्या दिवशी अण्णा म्हणाले, "करू या. दादाला सांग, औषधावर जितकं जगेन तितकं भीतभीत जगेन. त्यापेक्षा हे बरं. आणि नाही झालं तर निदान विचारून झालं असेल." मी करूया म्हणत होते खरी, पण ते स्वतःच्या तोंडाने म्हणाले तेव्हा माझेच हातपाय गार पडले. दुसऱ्याच्या छातीबद्दल हट्ट धरणं सोपं असतं.

त्या दिवसांत मी वाचत बसायचे आणि एक गोष्ट सापडली. कॅन्सरसाठी पूर्ण फुफ्फुस काढून रोगी वाचल्याची पहिली घटना १९३३ ची. ५ एप्रिलला अमेरिकेत सेंट लुईसमध्ये एव्हार्ट्स ग्रॅहम या सर्जनने ती शस्त्रक्रिया केली. पेशंट ४८ वर्षांचे जेम्स गिलमोर, पिट्सबर्गचे, स्वतःच बाळंतपणं करणारे डॉक्टर. ग्रॅहम एकच भाग काढायच्या तयारीने आत शिरले आणि टेबलावर लक्षात आलं की डावं फुफ्फुस पूर्णच काढावं लागेल. गिलमोरनी ऑपरेशनच्या आधी स्वतःच्या थडग्यासाठी जागा घेऊन ठेवली होती म्हणतात. ते त्यानंतर तीस वर्षं जगले, १९६३ पर्यंत, एका फुफ्फुसावर.

गोष्ट इथे संपत नाही. ग्रॅहम स्वतः सिगारेट ओढायचे. सिगारेटमुळे हा कॅन्सर होतो हे त्यांना आधी पटत नव्हतं. मग त्यांनी आणि वाइंडर या तरुण डॉक्टरने ६८४ रोग्यांचा अभ्यास १९५० साली छापला आणि त्यांना ते मान्य करावं लागलं. त्यांनी सिगारेट सोडली. १९५७ साली ते फुफ्फुसाच्याच कॅन्सरने गेले. त्यांचा पेशंट त्यांच्यामागे सहा वर्षं होता.

मी ही गोष्ट अण्णांना सांगितली, शेवटासकट. गेल्या वेळी पहिला अर्धा भागच सांगितला असता. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उशिरा सोडली बिचाऱ्याने. मीही."

फेब्रुवारी २०२२ मध्ये ऑपरेशन झालं. सकाळी आठला आत नेलं. सहा तास लागले. दोनच्या सुमाराला सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, पूर्ण काढावं लागलं, पण रक्तस्राव आटोक्यात राहिला. आई तिथेच फरशीवर बसली.

पुढचे दिवस कठीण होते. पूर्ण फुफ्फुस काढलेल्या माणसाला पाणी मोजून देतात, उरलेल्या एका फुफ्फुसात पाणी भरू नये म्हणून. अण्णा ओठ ओले करायला चमचाभर पाणी मागायचे आणि मी घड्याळाकडे बघायचे. तिसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडायला लागले. या ऑपरेशननंतर हे बऱ्याच जणांना होतं, औषधाने दोन दिवसांत ताळ्यावर आलं. तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं यंत्र तुम्ही पाहिलं असेल, नळीतून श्वास ओढून चेंडू वर उचलायचे. पहिल्या आठवड्यात एकच चेंडू जेमतेम हलायचा.

मी विचारलं होतं, आत जी जागा रिकामी झाली तिथे काय? ती पोकळी काही आठवडे-महिन्यांत शरीरातल्याच द्रवाने भरते, हृदय थोडं आणखी डावीकडे सरकतं, उजवं फुफ्फुस फुगून थोडी जागा व्यापतं. शरीर जागा रिकामी ठेवत नाही.

आणि आवाज गेला. स्वरयंत्राची डावी नस छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून परत वर जाते. गाठ तिथेच होती. नस वाचली नाही. हा धोका डॉक्टरांनी आधी सांगितला होता, अण्णांनी सही करताना त्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलंही होतं. पण कागदावरचा धोका आणि घरी आल्यावर "आई कुठंय?" असं घोगऱ्या, फाटक्या कुजबुजीत विचारणारे अण्णा, यात अंतर आहे. आवाजाचे व्यायाम केले, थोडा सुधारला. भजनाला ते आता जातात ते टाळ घेऊन. गाणारे दुसरे आहेत. पहिल्यांदा गेले तेव्हा परत येऊन बराच वेळ बाल्कनीत बसले होते. मी विचारलं, वाईट वाटतंय का? म्हणाले, "हो." बस्स. मीही "होईल सगळं नीट" वगैरे म्हटलं नाही. शिकले तेवढं.

परवा ऑपरेशनला तीन वर्षं झाली. स्कॅन कोरा आहे. राहून गेलेला तो उन्हाळ्यातला स्कॅन माझ्या डोक्यातून जात नाही. तेव्हा केला असता तर गाठ लहान सापडली असती का, आवाज वाचला असता का? डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, सांगता येणार नाही. मी ते उत्तर घेऊन जगतेय. तुमच्या घरात असा कुणी असेल तर तारीख चुकवू नका, एवढंच सांगते.

आणि मावशी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. शेजारच्या काकूंना सांगा. कदाचित त्यांना माहीत असेलच. त्यांना विचारा की किती ऐकायचंय, कुणी सोबत हवंय का, आणि मग तिथे बसून राहा.

अण्णा अजून तिसऱ्या मजल्यावरच राहतात. एका दमात चौपन्न पायऱ्या होत नाहीत, दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागतं. तिथल्या पोरांनी जिन्याच्या वळणावर एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलीय. काल मी वर येत होते तेव्हा अण्णा तिच्यावर बसले होते. मला पाहून बाजूच्या पायरीकडे बोट दाखवलं. मी बसले. पाच मिनिटं आम्ही दोघं काही न बोलता श्वास घेत बसलो, मग उरलेल्या अठरा चढलो.